झोपेतला अडलेला श्वास आणि दंतवैद्याची खुर्ची

प्रति,
माननीय वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य



झोपेत घशाची वाट पुन्हा पुन्हा मिटून श्वास अडण्याचा जो विकार वैद्यकात ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया या नावाने ओळखला जातो, त्यावर दातांवर बसणाऱ्या आणि खालचा जबडा पुढे धरून ठेवणाऱ्या मुखयंत्राने उपचार करता येतो. मात्र महाराष्ट्रातील सामान्य रुग्णाला या उपचाराची माहिती बहुधा डॉक्टरकडून न मिळता घोरणे बंद करून देण्याच्या जाहिरातींतून मिळते, आणि तेथेच त्याची वाट चुकते. निदानाची चाचणी आधी आणि परिणामाची चाचणी नंतर, अशा शिस्तीने हा उपचार राज्याच्या शासकीय दंत महाविद्यालयांत परवडणाऱ्या दरात उपलब्ध व्हावा, ही या पत्रामागची मागणी आहे. ती फार मोठी नाही, कारण त्यासाठी लागणारे कुशल हात, प्रयोगशाळा आणि साहित्य यांपैकी बरेचसे शासनाकडे आजच आहे. उणीव आहे ती त्यांची एकमेकांशी सांगड घालण्याची.

विकाराचे स्वरूप थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण घोरणे ही आपल्याकडे गाढ झोपेची खूण मानली जाते आणि या समजुतीखाली आजार वर्षानुवर्षे दडून राहतो. पडजिभेपासून स्वरयंत्रापर्यंतच्या घशाच्या भागाला हाडाचा भक्कम आधार नसतो. तो मुख्यतः स्नायूंच्या ताणावर उघडा राहतो. झोप लागली की हा ताण सैलावतो, आणि ज्याचा खालचा जबडा लहान किंवा मागे सरकलेला आहे, जीभ मोठी आहे किंवा गळ्याभोवती मेद साठला आहे, अशा माणसाची जीभ आणि मृदू टाळू मागे कलंडून श्वासाची वाट अरुंद करतात, कधी पुरती बंद करतात. अरुंद वाटेतून हवा जाताना होणाऱ्या थरथरीचा आवाज म्हणजे घोरणे. वाट पुरती बंद झाली की घोरणेही थांबते, छाती आणि पोट मात्र हवा ओढण्यासाठी धडपडत राहतात, रक्तातील प्राणवायू उतरू लागतो, आणि अखेर मेंदू क्षणभर जागा होऊन स्नायूंना पुन्हा ताण देतो, तेव्हा मोठा आवाज करत श्वास सुरू होतो. झोपलेल्याला यातले सकाळी काहीही आठवत नाही. शेजारी जागी असलेली पत्नी मात्र आवाज थांबल्यापासून तो परत येईपर्यंत जीव मुठीत धरून असते, आणि पुष्कळदा निदानाचा पहिला धागा तिच्याच सांगण्यात सापडतो. प्रौढ व्यक्तीचा श्वास अशा रीतीने किमान १० सेकंद थांबला तर तो एक खंड मोजतात, आणि पूर्ण थांबलेले व लक्षणीय रीत्या मंदावलेले असे सारे खंड मिळून झोपेच्या एका तासात किती होतात, तो आकडा म्हणजे विकाराचा निर्देशांक. हा निर्देशांक ५ ते १५ असेल तर विकार सौम्य, १५ ते ३० असेल तर मध्यम आणि ३० च्या वर गेला तर तीव्र समजला जातो. ताशी ३० म्हणजे सरासरीने दर दोन मिनिटांनी एकदा गुदमरणे, तेही रात्रभर. अशा झोपेनंतर दिवसा पेंग येते, चित्त लागत नाही, रक्तदाब औषधांना दाद देत नाही, आणि गाडी चालवताना डोळा लागण्याचा धोका वाढतो. पहाटे महामार्गावर घडलेल्या अपघातानंतर चालकाचा डोळा लागला एवढे एकच वाक्य पंचनाम्यात येते. तो डोळा का लागला याची चौकशी सहसा होत नाही, ही या राज्यातील खेदाची गोष्ट आहे.

हा विकार दुर्मीळ नाही याचा पुरावा मुंबईतूनच पुढे आला आहे. डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदुजा रुग्णालयात नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वर्षे वयाच्या ६५८ पुरुषांची पाहणी करून २००४ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार झोपेत श्वास अडण्याचे प्रमाण १९.५ टक्के, तर त्याच्या जोडीला दिवसा अवाजवी पेंग येण्याचे प्रमाण ७.५ टक्के होते. ही माणसे आजारी म्हणून आलेली नव्हती, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. या पाहणीत स्त्रियांचा समावेश नव्हता. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्येही विकाराचे प्रमाण वाढते हे मात्र वैद्यकाला माहीत आहे, आणि स्त्रीचे घोरणे घरात बोलूनच दाखवले जात नसल्याने तिचे निदान आणखी उशिरा होते.

उपचारांत पहिला मान सीपॅप या यंत्राचा, आणि तो योग्यच आहे. ऑस्ट्रेलियातील सिडनीचे कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये नाकावाटे सतत दाबाची हवा सोडून घसा उघडा ठेवता येतो हे दाखवून दिले; त्याआधी तीव्र रुग्णांसाठी गळ्याला छिद्र पाडून श्वासाची वेगळी वाट करून देण्यापलीकडे खात्रीचा उपाय नव्हता. सीपॅपने निर्देशांक जितका खाली येतो तितका अन्य कोणत्याही साधनाने सहसा येत नाही, त्यामुळे तीव्र विकाराच्या रुग्णाने आधी तेच वापरून पाहावे, याबद्दल दुमत नाही. अडचण वापराची आहे. नाकावर मुखवटा बांधून, नळी सांभाळत, कुशीवर वळताना हवा निसटते आहे का हे पाहत रोज रात्री झोपणे पुष्कळांना जमत नाही. खेडोपाडी रात्री वीज गेली की यंत्र बंद पडते. मुंबईच्या एका खोलीत पाच माणसे झोपत असतील तर ते ठेवायचे कोठे आणि त्याचा संकोच कसा टाळायचा, हाही प्रश्न असतो. काही महिन्यांत यंत्र कपाटावर जाते आणि रुग्ण पुन्हा पहिल्यासारखा गुदमरत झोपू लागतो. ज्याने यंत्र सोडले त्याला पुढचा मार्ग सांगणारे कोणी असणे, हा या साऱ्या विषयातील कळीचा मुद्दा आहे.

तो मार्ग जबड्यातून जातो. जिभेचा मुख्य स्नायू खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला, हनुवटीच्या मागे जोडलेला असल्यामुळे जबडा पुढे आला की जीभही पुढे ओढली जाते, आणि जबड्याला बांधलेल्या मऊ ऊती ताणल्या जाऊन टाळूमागचा घसा आडवाही रुंदावतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर बेशुद्ध रुग्णाचा श्वास अडू लागला की भूलतज्ज्ञ जबड्याच्या दोन्ही कोनांना बोटे लावून तो पुढे उचलतो, त्यामागचे तत्त्व हेच. पॅरिसचे प्येर रोबँ यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी लहान जबड्याच्या मुलांसाठी जबडा पुढे धरणारे 'मोनोब्लॉक' हे उपकरण वापरले. मोठ्यांच्या झोपेसाठी हा विचार रुजायला मात्र १९८० चे दशक उजाडावे लागले. शिकागोच्या मानसशास्त्रज्ञ रोझलिंड कार्टराइट आणि चार्ल्स सॅमेलसन यांनी १९८२ मध्ये जीभ पुढे धरणाऱ्या साधनाचे परिणाम प्रसिद्ध केले, आणि त्याच दशकात होनोलुलूचे दंतव्यंगोपचारतज्ज्ञ पीटर जॉर्ज यांनी जबडा पुढे ठेवणारे यंत्र घडवले. ज्या १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमधून खाशाबा जाधव कुस्तीचे कांस्यपदक घेऊन आले, त्याच ऑलिम्पिकमध्ये या पीटर जॉर्ज यांनी भारोत्तोलनाचे सुवर्णपदक मिळवले होते. जबडा किती पुढे येऊ शकतो हे मिलिमीटरमध्ये मोजणारी पट्टी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

आजचे मुखयंत्र कसे बनते हे एकदा जवळून पाहिले, तर ते आपल्या दंत महाविद्यालयांच्या आवाक्यात किती सहज आहे हे पटते. दंतवैद्य आधी हिरड्या, दातांची पकड, जबड्याचे सांधे आणि तोंड किती उघडते हे तपासतो. मग वरच्या व खालच्या दातांची मापे घेतो. रुग्णाला जबडा शक्य तितका मागे आणि शक्य तितका पुढे न्यायला सांगून त्या दोन टोकांमधील अंतर पट्टीवर वाचतो, आणि साधारण निम्म्या अंतरावर जबडा थांबवून त्या स्थितीची मेणात किंवा तशाच पदार्थात नोंद घेतो. प्रयोगशाळेत मापांवरून प्लास्टरचे साचे ओतून त्यांवर ॲक्रिलिकच्या दोन पातळ पट्ट्या बनवल्या जातात, एक वरच्या आणि एक खालच्या दातांवर घट्ट बसणारी, आणि त्या दोन्ही बाजूंनी स्क्रू, दांडी किंवा ताणपट्टीने अशा जोडल्या जातात की खालची पट्टी मागे सरकू शकत नाही. पुढच्या काही आठवड्यांत स्क्रू थोडा थोडा फिरवून जबडा मिलिमीटरच्या अंशांनी पुढे नेतात. घोरणे मंदावते, सकाळचे जडपण उतरते, आणि जबडा दुखू लागण्याआधी थांबावे लागते. यातील माप, साचा आणि ॲक्रिलिकचे काम कवळी बनवणारा तंत्रज्ञ रोज करतो, आणि वाढत्या वयातील मुलांचा मागे राहिलेला जबडा पुढे आणण्यासाठी ट्विन ब्लॉकसारखी उपकरणे देणे हा दातांना तारा लावणाऱ्या तज्ज्ञांच्या पदव्युत्तर शिक्षणाचा नेहमीचा भाग आहे. हाताला सवय आहे. झोपेच्या विकारांची ओळख मात्र दंतवैद्यकीय पदवीच्या अभ्यासात स्वतंत्र विषय म्हणून कोठेही होत नाही.

मुखयंत्राने प्रत्येकाचा श्वास मोकळा होतो असा दावा कोणी केला तर तो खोटा समजावा. ढोबळमानाने तिघांपैकी एकाचा विकार जवळजवळ आटोक्यात येतो, एकाला अर्धवट लाभ होतो आणि एकाला विशेष लाभ होत नाही. विकार सौम्य किंवा मध्यम असणे, वजन बेताचे असणे आणि श्वास मुख्यतः उताणे झोपल्यावरच अडणे, या गोष्टी यशाच्या बाजूने असतात, तरीही कोणत्या रुग्णाला गुण येईल हे खात्रीने आधी सांगता येत नाही. तरी मुखयंत्राचे मोल कमी होत नाही, हे सिडनीतील एका अभ्यासाने २०१३ मध्ये दाखवले. शंभराहून अधिक रुग्णांनी सीपॅप आणि मुखयंत्र ही दोन्ही साधने एकेक महिना वापरली असता निर्देशांक सीपॅपवर सरासरी ४.५ आणि मुखयंत्रावर ११.१ इतका राहिला, म्हणजे या कसोटीवर सीपॅप स्पष्टपणे सरस ठरले. परंतु रुग्णांनी सांगितल्यानुसार सीपॅपचा वापर रात्री सरासरी ५.२ तास तर मुखयंत्राचा ६.५ तास झाला, आणि रक्तदाब, दिवसाची पेंग व वाहन चालवण्याची क्षमता यांच्या बाबतीत मुखयंत्र सीपॅपपेक्षा कमी पडले नाही. पूर्ण ताकदीचा उपचार कमी तास आणि मध्यम ताकदीचा उपचार अधिक तास, यांचे फळ सारखे येऊ शकते, असा याचा अर्थ. भारतीय तज्ज्ञांनी २०१४ मध्ये केलेल्या मार्गदर्शक सूचनांत सौम्य व मध्यम विकारात सीपॅप न मानवणाऱ्या किंवा नको असलेल्या रुग्णांसाठी मुखयंत्राला स्थान दिले आहे. २०१५ च्या अमेरिकी सूचना सीपॅप न सोसणाऱ्या प्रौढाला उपचाराविना सोडण्यापेक्षा मुखयंत्र द्यावे असे सांगतात; यंत्र मापानुसार बनवलेले आणि पुढे-मागे करता येणारे असावे, ते प्रशिक्षित दंतवैद्याने द्यावे, आणि नंतर झोपेची चाचणी पुन्हा करून परिणाम पडताळावा, या अटीही त्या घालतात.

शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आणि आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित आहे. मुखयंत्राने घोरण्याचा आवाज कमी होणे आणि श्वास अडणे थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आवाज गेला म्हणून घरचे निर्धास्त होतात, पत्नीला कित्येक वर्षांनी झोप लागते, आणि प्राणवायू मात्र रात्रभर तसाच घसरत राहतो, अशी स्थिती शक्य आहे. गरम पाण्यात मऊ करून दातांवर चावून बसवायची जी स्वस्त साधने घरपोच मिळतात त्यांचा खरा धोका येथे आहे. ती निव्वळ निरुपयोगी आहेत असे म्हणता येत नाही. इंग्लंडमधील पॅपवर्थ रुग्णालयाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत अशा साध्या साधनानेही निर्देशांक उतरला होता, मात्र त्या अभ्यासातील प्रत्येक रुग्णाचे निदान आधी झालेले होते आणि परिणाम नंतर मोजला जात होता. निदानाविना घेतलेले साधन तीव्र रुग्णाच्या हाती पडले, तर ते त्याचे सर्वांत ठळक लक्षण झाकते आणि आजार तसाच ठेवते.

महाराष्ट्राची आणखी एक अडचण आहे, जिचा उल्लेख परदेशी पुस्तकांत सहसा सापडत नाही. यंत्र दातांच्या आधारावर उभे राहते, आणि त्यासाठी प्रत्येक जबड्यात साधारण आठ-दहा तरी मजबूत दात लागतात. मिश्री, तंबाखू आणि हिरड्यांचे दुर्लक्षित आजार यांमुळे पन्नाशीतच दात हललेल्या किंवा गेलेल्या माणसांची संख्या आपल्या ग्रामीण भागात मोठी आहे. त्याहून गंभीर म्हणजे गुटखा व सुपारीमुळे गालाच्या आतील त्वचा ताठर होऊन तोंड उघडेनासे होण्याचा आजार. २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी असली तरी दंत महाविद्यालयांच्या ओपीडीत दोन बोटेही तोंडात न जाणारे तरुण येतच राहतात, आणि अशा तोंडात माप घेण्याचा साचासुद्धा शिरत नाही, तेथे यंत्राची गोष्ट दूरच. या रुग्णांना सीपॅपच द्यावे लागेल, आणि म्हणूनच दंत विभागाने या उपचाराचा विचार वैद्यकीय विभागापासून तोडून करता कामा नये.

दीर्घकाळच्या वापराचे दुष्परिणामही रुग्णाला आधीच सांगितले पाहिजेत. सुरुवातीला लाळ फार सुटते, सकाळी जबडा ताठरतो आणि दाढा काही वेळ नीट जुळत नाहीत. हे बहुधा दिवस वर येईतो निवळते, आणि त्यासाठी सकाळचा छोटा व्यायाम किंवा चावा पुन्हा जागेवर आणणारी पट्टी देतात. वर्षानुवर्षांच्या वापराने मात्र वरचे पुढचे दात किंचित मागे आणि खालचे किंचित पुढे झुकतात, आणि हा बदल कायमचा असू शकतो. श्वासाच्या तुलनेत ही किंमत बहुतेकांना मान्य होण्यासारखी आहे, परंतु ती मान्य करण्याचा निर्णय रुग्णाचा असतो, आणि दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने दात पाहणारा डॉक्टर नसेल तर तो निर्णय त्याच्यावर नकळत लादला जातो.

या सर्व विवेचनावरून आपल्या खात्यापुढील काम पुरेसे स्पष्ट व्हावे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत आठवड्यातून एक दिवस झोपेतील श्वासविकारांची संयुक्त ओपीडी सुरू करावी, जिथे छातीविकार किंवा कान-नाक-घसा विभागाचा डॉक्टर आणि दंतवैद्य एकाच टेबलाशी बसतील. निदान डॉक्टरने करावे, यंत्र दंतवैद्याने द्यावे, आणि कोणालाही झोपेच्या चाचणीविना यंत्र मिळू नये. प्रत्येक रुग्णासाठी रुग्णालयात रात्रभर राहण्याची चाचणी आवश्यक नसते. नाकापाशी बारीक नळी, छातीवर पट्टा आणि बोटाला प्राणवायू मोजणारी चिमटी असे सुटसुटीत उपकरण देऊन रुग्णाला घरी पाठवता येते, आणि सकाळी ते परत आणले की नोंद वाचता येते. अशी मोजकी उपकरणे प्रत्येक केंद्राला दिली तर यंत्रापूर्वीची आणि यंत्रानंतरची, अशा दोन्ही चाचण्या त्यांवर होऊ शकतील. यंत्राचा दर साहित्याच्या खर्चाच्या आसपास ठेवावा, कारण ते काम महाविद्यालयाच्याच प्रयोगशाळेत होणार आहे.

शिक्षणाच्या बाजूने पाहता दंतवैद्यकाचा मूळ अभ्यासक्रम राष्ट्रीय पातळीवर ठरतो हे खरे. तरी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला दंतवैद्यांसाठी या विषयाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू करता येण्यासारखा आहे, आणि आंतरवासितेच्या वर्षात दंत विद्यार्थ्याने काही दिवस छातीविकार विभागात घालवावेत, अशी सोय महाविद्यालयांच्या पातळीवरही करता येईल. दंतवैद्याकडे लोक दात दुखला म्हणून जातात, परंतु मोठी जीभ, मागे गेलेली हनुवटी आणि खाली लोंबणारा टाळू त्याच खुर्चीवर सर्वांत आधी दिसतो. अशा रुग्णाला झोपेविषयी चार प्रश्न विचारण्याची सवय जरी या शिक्षणातून लागली, तरी निदान कित्येक वर्षे अलीकडे येईल. औषधी द्रव्यांचा कारभारही आपल्याच खात्याशी जोडलेला असल्याने, घोरण्यावरील साधनांच्या जाहिरातींत स्लीप ॲप्निया बरा करण्याचा दावा विनापुरावा केला जातो का, याकडे अन्न व औषध प्रशासनाने लक्ष द्यावे, हीही विनंती आहे.

सुरुवात एका केंद्रापासून केली तरी चालेल. नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांना शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा शेजार आहे, तर मुंबईचे महाविद्यालय सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात आहे. दोन्ही विभागांना जोडण्यासाठी नवी इमारत लागणार नाही, लागेल तो एक शासन निर्णय आणि दोन्हीकडे चालणारा एकच केस पेपर. त्या केस पेपरवर यंत्र देण्यापूर्वीचा निर्देशांक आणि तीन महिन्यांनंतरचा निर्देशांक असे दोन रकाने असावेत, आणि दुसरा रकाना रिकामा असलेल्या रुग्णाला पुन्हा बोलावण्याची जबाबदारी कोणाची, हे त्याच निर्णयात नमूद असावे.